क्लोराईड मार्गिका-प्रथिने आणि यकृताच्या कर्करोगाचे पूर्वानुमान : एक चिकित्सा

यकृताच्या कर्करोगात क्लोराईड मार्गिका-प्रथिनांचे प्रमाण वाढलेले असल्यास रुग्ण कमी काळ जगतो, अशा निष्कर्षाचे अनेक शोधनिबंध अलीकडे प्रसिद्ध झाले आहेत. 'सीएलआयसी-१' हे नाव त्यांत वारंवार येते. हे निष्कर्ष खोटे ठरविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. ते कशावर उभे आहेत, एवढेच येथे तपासावयाचे आहे.

प्रथम नावाविषयी. 'क्लोराईड मार्गिका' हे एकाच कुळाचे नाव नव्हे. सीएलसी कुळातील ९ मानवी प्रथिनांपैकी ४ खऱ्या अर्थाने मार्गिका आहेत. उरलेली ५ क्लोराईड व प्रोटॉन यांची अदलाबदल करतात. सीएलआयसी-१ ची स्थिती तर अधिकच संदिग्ध. ते पेशीद्रवात विरघळलेले असते, तसेच पटलातही शिरते. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेली त्याची स्फटिकरचना ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज या विकराशी साम्य दाखविते. म्हणून त्याचे प्रमाण वाढले म्हणजे क्लोराईडचे वहन वाढले, असे म्हणता येत नाही. चर्चा-विभागात मात्र ही उडी सर्रास मारली जाते. त्यातही पुष्कळदा मोजलेला असतो तो संदेशवाहक आरएनए, प्रथिन नव्हे.

दुसरा प्रश्न सामग्रीचा आहे. यांपैकी बरेच निबंध 'कॅन्सर जीनोम ॲटलास' या खुल्या संचावर आधारलेले असतात. त्याच्या २०१७ च्या यकृत-अभ्यासात ३६३ रुग्ण होते. या संचातील ऊती प्रामुख्याने शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठींच्या आहेत. आपल्याकडे अनेक रुग्ण शस्त्रक्रियेची वेळ टळून गेल्यावरच रुग्णालयात पोहोचतात. त्यांच्याविषयी हा संच काय सांगणार? शिवाय या आजारात आयुष्य केवळ गाठीवर अवलंबून नसते. सिऱ्होसिसने निकामी होत चाललेले यकृतही ते ठरविते. यकृताच्या कार्यक्षमतेचा हिशेब न धरता काढलेला संबंध कितपत विश्वसनीय मानावा?

खुल्या संचावरून जीवितवक्र दुपारभरात काढता येतो. प्रस्तुत लेखकाने तो काढून पाहिला आहे; 'जास्त' व 'कमी' यांमधील छेदबिंदू मध्यकावरून थोडा सरकविला की 'पी' मूल्य बदलते. सुमारे २०,००० जनुके एकेक करून तपासली, तर ०.०५ या मर्यादेत केवळ योगायोगाने १,००० बसतील. व्हेने व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये स्तनांच्या कर्करोगात दाखविले, की यदृच्छेने निवडलेले जनुकसंचही बहुधा जीवितकालाशी निगडित दिसतात, कारण पेशीविभाजनाचा वेग त्या सर्वांत डोकावतो. छेदबिंदू कसा ठरविला हे सांगा, असे 'रिमार्क' निकष २००५ पासूनच बजावीत आले आहेत.

पूर्वानुमानासाठी रुग्णाचे पुढे काय झाले हे कोणीतरी विचारावे लागते. १९८७ मध्ये सुरू झालेल्या बार्शीच्या ग्रामीण कर्करोग नोंदणीने त्यासाठी कार्यकर्ते गावोगाव पाठविले. आपल्या भागातील रुग्णालयांत जपलेले पॅराफिनचे ठोकळे आणि असा पाठपुरावा यांची सांगड घालून ४०-५० रुग्णांत जरी सीएलआयसी-१ प्रथिन प्रत्यक्ष रंजनाने तपासले, तरी ती नोंद आपल्या रुग्णांची असेल.