कळफलकाची परीक्षा

बाराखडी येणाऱ्या मुलाला फोनवर मराठी लिहिताना का अडावे? मुंबईच्या आय.आय.टी.तील इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरने 2013 साली आणलेला 'स्वरचक्र' हा कळफलक याच प्रश्नातून घडला. त्यात व्यंजने वर्णमालेच्या क्रमाने मांडली होती. व्यंजनावर बोट ठेवले की भोवती त्याची बाराखडी चक्रासारखी उमटे. बोट हव्या अक्षराकडे सरकवायचे.

आमचे गाव विष्णुपुरी. हे नाव शासनमान्य 'इन्स्क्रिप्ट' कळफलकावर लिहायला व्यंजने, मात्रा व हलन्त मिळून 10 खुणा उमटवाव्या लागतात. स्वरचक्रावर व, ष, ण, प, र अशी 5 व्यंजने पुरतात. मुलाच्या पाटीपासून सुरू होणारी ही संशोधनपद्धती आम्हाला मोलाची वाटते.

पण एवढ्याने परीक्षा पुरी होत नाही. पहिल्या दिवशी सोपे वाटणे वेगळे, महिन्याभराने भरभर लिहिता येणे वेगळे. 'र' सतत लागतो, 'ढ' क्वचित. वर्णमालेचा क्रम हा फरक जाणत नाही.

तुम्हीही करून पाहा. मुलांना गावाचे नाव दोन निरनिराळ्या कळफलकांवर लिहू द्या. वेळ मोजा, बोट कोठे अडखळले ते टिपा. महिन्याने हेच पुन्हा करा. सगळी मुले एकाच जागी अडखळत असतील, तर दोष मुलांचा नव्हे, रचनेचा आहे.