लाइन घेतली, गाव सुटले

सोलापुरात कार्यक्रम रेकॉर्ड झाला नाही, असे आता होतच नाही. संक्रांतीच्या सुमारास निघणारी सिद्धेश्वरांच्या नंदीध्वजांची मिरवणूक असो, हुतात्मा स्मृती मंदिरातली मैफल असो की पंढरपूरच्या एखाद्या मठातले कीर्तन. दोन-तीन कॅमेरे, जमल्यास ड्रोन आणि हात वर करून धरलेले असंख्य मोबाइल ठरलेलेच. प्रेक्षक घरी पोचायच्या आत कार्यक्रम यूट्यूबवर चढलेला असतो. मग तक्रार कशाची? एकदा डोळे मिटून ती चित्रफीत ऐकावी. हलगीच्या जागी पत्रा वाजतो, टाळांच्या जागी कढईत तेल तापल्यासारखी चुरचुर उरते आणि गाणाऱ्याचा गळा विहिरीतून किंवा थेट कानात घुसल्यासारखा येतो. चित्र चार-के आणि आवाज उरलासुरला, अशी रेकॉर्डिंगच्या कलेची आजची स्थिती आहे.

दोष यंत्रांचा नाही. पंधरा-वीस वर्षांपूर्वी मोठ्या स्टुडिओंखेरीज क्वचितच कुणाकडे असायची अशी सामग्री आज लग्नाचे शूटिंग करणाऱ्याच्या पिशवीत असते. खोट आहे ती एका सवयीत. साउंडवाल्याला गाठायचे, मिक्सरमधून लाइन घ्यायची आणि निश्चिंत व्हायचे. लाइनमध्ये आवाज स्वच्छ मिळतो हे खरे. पण मिक्सर असतो तो सभागृहातल्या माणसांना ऐकू जावे म्हणून. लहान सभागृहात तबला आपल्या अंगानेच पुरेसा वाजतो, म्हणून साउंडवाला त्याचा माइक खाली ठेवतो; तो तिथे बरोबरच असतो. तीच लाइन घरी ऐकली की तबला अंग चोरून बसलेला आणि गायक एकटाच पुढे आलेला. समेवर उठलेली दाद तर कुठल्याच माइकमध्ये नसते.

वारकरी कीर्तनात हे फारच खटकते. कीर्तनकाराच्या मागे उभे टाळकरी म्हणजे नुसती साथ नव्हे. ध्रुपद उचलणारे, कीर्तनकाराला श्वास देणारे तेच. कॅसेटच्या काळात बाबामहाराज सातारकरांचा आवाज घराघरांत पोचला, आणि तेव्हापासून कीर्तन म्हणजे एका माणसाचे बोलणे-गाणे अशी ऐकणाऱ्यांची समजूत होत गेली, असे मला वाटते. आजच्या वाहिन्यांनी ती पक्की केली. निरूपण शब्दन् शब्द कळते, टाळकरी मात्र शेजारच्या गल्लीत उभे असल्यासारखे. खरे तर उपाय साधा आहे: लाइन घ्या, पण श्रोत्यांच्या पहिल्या-दुसऱ्या रांगेत उंच स्टँडवर दोन माइकची जोडीही लावा. सतरा सेंटिमीटर अंतर आणि एकशे दहा अंशांचा कोन ही फ्रेंच रेडिओने रूढ केलेली मांडणी. ती लावायला फार तर पाच मिनिटे लागतात. नंतर दोन्ही आवाज जुळवून घ्यावे लागतात. एवढे कष्ट कुणी घेत नाही, कारण बघणाऱ्याने आवाजाबद्दल तक्रार केल्याचे कुणाला आठवत नाही.

हलगीचे दुखणे निराळे. तिचा ठोका क्षणार्धात शिखर गाठतो आणि तितक्याच लवकर विरतो. मोबाइलमधली आवाज आपोआप सावरणारी यंत्रणा त्या ठोक्याने दचकते आणि सगळा आवाज खाली ओढते. मग तो हळूहळू वर येतो, तोवर पुढचा ठोका पडलेला असतो. ऐकणाऱ्याला मिरवणूक नव्हे, धाप लागलेली ऐकू येते. बत्तीस-बिट फ्लोटवर चालणारे छोटे रेकॉर्डर गेल्या काही वर्षांत आले आणि आवाज फाटण्याची भीती बरीच ओसरली. पण माइकलाच न पेललेला आवाज ते दुरुस्त करत नाहीत. आणि कुठे उभे राहायचे, हे कोणताच रेकॉर्डर सांगत नाही. हलगी शेकून घेतल्यावर चढलेला तिचा सूर आणि तासाभराने उतरलेला सूर यांतला फरक टिपायचा, तर वाजवणाऱ्याबरोबर चालावेच लागते.

यंत्र कलावंताकडे जाते की कलावंत यंत्राकडे, हा प्रश्न जुना आहे. १९०२ साली फ्रेड गायस्बर्ग कोलकात्यात ध्वनिमुद्रणाला आला. गौहरजानसारख्या गायिकेलाही भोंग्यासमोर जाऊन जेमतेम तीन मिनिटांत राग गुंडाळावा लागला. १९५१ मध्ये कुडेल्स्कीने स्वित्झर्लंडमध्ये पहिला नाग्रा ध्वनिमुद्रक बनवला, आणि खांद्याला अडकवून कुठेही नेता येईल असे चांगले यंत्र मिळाले. महाराष्ट्रात त्या शक्यतेचे चीज झाले ते जात्यावरच्या ओव्यांच्या कामात. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव जाऊन एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यांतल्या हजारो ओव्या गाणाऱ्या बायकांच्या गावीच डिजिटल टेपवर घेतल्या गेल्या. आज 'पारी' या संकेतस्थळावर त्या ऐकताना बाईचे नाव, तिचे गाव, सगळे समोर असते. यंत्र त्यांच्यापाशी फार भारी होते म्हणून हे साधले नाही. ऐकायला बसण्याची तयारी होती.

याच्या उलट टोक सोलापूर जिल्ह्यातच आहे. 'सैराट' (२०१६) करमाळ्याच्या मातीत घडला. अजय-अतुल यांनी त्याचा वाद्यवृंद मात्र हॉलिवूडच्या स्टुडिओत मुद्रित केला. त्यात वावगे काही नाही, ते संगीत त्याच भव्यतेसाठी रचले होते. पण त्यानंतर जिल्ह्यातल्या वरातींचा कान त्या भव्यतेला सरावला, आणि साध्या हलगीचे रेकॉर्डिंग कुणी केलेच तर तिला स्टुडिओतली खोली आणि घुमारा चिकटवला जाऊ लागला.

सर्वांत निकड आहे ती सुंद्रीची. सनईहून लहान, तिच्याहून चढ्या आणि टोकदार आवाजाचे हे वाद्य सोलापूरचे. अक्कलकोट संस्थानाच्या आश्रयाने वाढलेले आणि जाधव घराण्याने जपलेले. सिद्राम जाधव आणि भीमण्णा जाधव यांच्यामुळे ते मैफलीत आले. माइक तोंडाशी नेला तर सुंद्री टोचते, फार लांब ठेवला तर नुसती शिट्टी ऐकू येते. तिची गोलाई खोलीच्या भिंतींवरून परत येणाऱ्या आवाजात असते. म्हणजे कोणत्या खोलीत वाजवायचे, हाच ध्वनिमुद्रणातला पहिला निर्णय. हे काम वाजवणाऱ्याला विचारूनच करता येते.

विचारण्याचे आणखी एक कारण आहे. कॉपीराइट कायद्याचे ३८ वे कलम सादर करणाऱ्या कलावंताला पन्नास वर्षांचा हक्क देते, आणि २०१२ च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापरातल्या मोबदल्याचीही तरतूद केली. तरी सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेच्या कुठल्याही चित्रफितीखाली चित्रीकरण करणाऱ्याचे नाव असते, ड्रोन कोणाचा तेही असते, वाहिनीला सबस्क्राइब करण्याची विनंती असते. हलगी कोण वाजवत होते, हे लिहिलेले शोधून दाखवावे.