पाच प्रभागांचे पुणे

धायरीच्या मुलांना पुणे विद्यापीठ म्हणजे शहराचे दुसरे टोक. गणेशखिंडीच्या ४११ एकरांवरील या विद्यापीठाचा (स्थापना १९४९, सावित्रीबाई फुले यांचे नाव २०१४ पासून) आपल्याला उपयोग काय, असे वर्गात विचारून पाहा. ‘परीक्षा आणि पदव्या’ हेच उत्तर येईल. माझे उत्तर वेगळे आहे, आणि त्याला जोडून एक तक्रारही आहे.

जुलै-ऑगस्ट २०२० मध्ये विद्यापीठाने आयसर, महापालिका आणि इतर संस्थांबरोबर शहरातील पाच प्रभागांत १,६६४ जणांचे रक्त तपासले. ५१.५ टक्के लोकांत कोरोनाविरुद्धची प्रतिपिंडे आढळली. ‘निम्म्या पुण्याला कोरोना होऊन गेला’ असे त्यावरून सर्रास बोलले गेले. ते बरोबर नव्हते. हे प्रभाग मुळात जास्त संसर्गाचे म्हणून निवडले होते. धायरी त्यांत नव्हती. शिवाय या पाचांतही प्रमाण ३६.१ पासून ६५.४ टक्क्यांपर्यंत बदलत होते. सरासरी वाचताना नमुना कोठला, हे आधी विचारावे लागते. नववी-दहावीला संख्याशास्त्र शिकवताना यापेक्षा जवळचे उदाहरण मिळणे कठीण!

मला महत्त्वाचा वाटला तो दुसराच आकडा. सामाईक शौचालय वापरणाऱ्यांत ६२.३ टक्के, तर घरात स्वतंत्र शौचालय असणाऱ्यांत ४५.३ टक्के. दोष एकट्या शौचालयाचा, असे यावरून सिद्ध होत नाही. अशा वस्तीत घरेही दाटीची असतात. पण रोगाची वाट शहराच्या रचनेतून जाते, हे मोजून दाखवले गेले. शहरातल्या विद्यापीठाने करावे ते हे काम.

तक्रार अशी, की असे मोजमाप संकट आल्यावरच का आठवावे? जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसचे रुग्ण सिंहगड रस्ता, नांदेडगाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात वाढले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि मग विहिरी, टँकर, नळ यांच्या पाण्याकडे सर्वांचे लक्ष गेले. विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळा आहेत, प्रकल्प शोधणारे विद्यार्थी आहेत. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरला आहे का, हे पाहायला काही मिनिटे पुरतात. दर आठवड्याला, ठरलेल्या दहा नळांवर, वर्षभर हे केले तर त्या नोंदवहीतून एक प्रबंध निघेल. तो मराठीत लिहिला, तर आमच्या शाळेच्या फलकावरही लावता येईल.