काजळीतले डोळे

आधी त्या डोळ्यांपाशीच थांबू. कपाळ, गाल, हनुवटी सगळे काजळीने माखलेले, केस भुरकट आणि विस्कटलेले, आणि त्या काळवंडलेल्या चेहऱ्यातून दोन फिकट डोळे थेट आपल्यावर स्थिरावलेले. फिनलंडचे चित्रकार एरो यॅर्नेफेल्ट यांनी 1893 साली रंगवलेले ‘कास्की’ हे तैलचित्र हेलसिंकीच्या आतेनेउम संग्रहालयात आहे. सुमारे सव्वा मीटर उंचीच्या त्या पटावर जळते रान आहे, धुराचे लोट आहेत, वाकलेली माणसे आहेत. पण आपले पाऊल अडते ते या किशोरवयीन मुलीपाशी. तिच्या नजरेत याचना नाही, रागही नाही. सकाळपासून धुरात उभ्या असलेल्या माणसाने कुणाच्या तरी चाहुलीने मान वर करावी आणि समोरच्याला ओळखण्याइतकेही त्राण उरलेले नसावे, अशी ती नजर आहे. चित्रकाराने तिला सुंदर केले नाही आणि केविलवाणीही केले नाही. या दुहेरी संयमाला मी या चित्राचे पहिले वैभव मानतो.

मग दृष्टी हळूहळू खाली उतरते, आणि मळकट झग्याआडून पुढे आलेले तिचे पोट दिसते. भरल्या घरच्या लेकराचा तो गोलवा नव्हे. निकृष्ट अन्नावर, अर्धपोटी वाढणाऱ्या मुलांची पोटे अशी फुगतात. फिनलंडमध्ये धान्य संपले की पाइनची आतली साल वाळवून, दळून भाकरीच्या पिठात मिसळत. 1866 ते 1868 च्या भीषण दुष्काळाची आठवणही हे चित्र रंगवले गेले तेव्हा फार जुनी झालेली नव्हती. यातले एक अक्षरही चित्रकार सांगत नाही. झग्याच्या कापडाला तो केवळ एक फुगीर वळण देतो, आणि त्या एका वळणात अख्ख्या प्रदेशाचे रिकामे कोठार मावते.

तिच्या हातातला लांब दांडका आता आपल्याला कळू लागतो. कास्की म्हणजे जंगल तोडून, जाळून केलेली शेती. झाडे आधी पाडून वाळू द्यायची, मग पेटवायची. पण नुसते पेटवून भागत नाही. जळते ओंडके दांडक्यांनी रेटत, लोळवत पुढे न्यायचे, म्हणजे आग सगळ्या जमिनीवरून सारखी फिरते आणि राख सर्वत्र पसरते. त्या राखेत राय पेरायचे, मोजकी पिके घ्यायची, आणि जमिनीचा कस गेला की दुसरे रान गाठायचे. चित्रातले पुरुष नेमके हेच ओंडके रेटत आहेत. पाठीची कमान, दांडक्यावर आलेला शरीराचा सगळा भार, निखाऱ्यांच्या इतक्या जवळ झुकलेले तोंड... जरा वेळ पाहत राहिलो तर आपल्याही खांद्यात ताण येतो.

कोकणातल्या वाचकाला हे दृश्य अगदीच परके वाटणार नाही. कवळ तोडून, वाळवून, भाताच्या तरव्यासाठी राब भाजणारे हात आपण पाहिलेले आहेत. कडेने आग सुटू नये म्हणून टहाळी घेऊन उभी राहिलेली बाई पाहिली आहे. या चित्राचे दुसरे नाव ‘रातायात राहानालाइसेत’, म्हणजे पैशाच्या जोखडाखाली राबणारी माणसे. ‘राब’ आणि ‘राबणे’ यांचे मूळ एक असो वा नसो, हे नाव वाचताना माझ्या कानात ते दोन शब्द एकमेकांना लागूनच उमटतात.

आणि तो धूर! सेंट पीटर्सबर्ग आणि पॅरिसमध्ये शिकून आलेल्या यॅर्नेफेल्ट यांनी मोकळ्या हवेतल्या प्रकाशाची जी जाण कमावली होती, ती सगळी या धुरात उतरली आहे. एरवी असे दृश्य रंगवताना ज्वाळांचा मोह कुणाला आवरला असता? इथे ज्वाळा जमिनीलगत, ओंडक्यांच्या बुडाशी दबून आहेत. धूर मात्र पांढुरका, राखाडी, मध्येच निळसर होत माणसांमागून वाहतो, त्यांच्या आकृतींच्या कडा पुसतो. उत्तर सावोमधल्या लापिनलाह्तीच्या परिसरात, उन्हाळ्यातल्या खऱ्या शेतावर, खऱ्या कष्टकऱ्यांना समोर ठेवून हे काम झाले. म्हणूनच या धुराला वास आहे, तो घशात उतरतो.

पुढे 1910 च्या दशकात ट्यूको साल्लिनेन आणि त्यांच्या सोबतच्या अभिव्यक्तिवादी चित्रकारांनी फिनलंडच्या कष्टकरी माणसाला रांगड्या, आवेगी रंगांत उभे केले. साल्लिनेन यांच्या 1911 च्या चित्रातल्या धुणे धुणाऱ्या बायका पाहताना मला हटकून ही मुलगी आठवते. तिथे रंग स्वतःच उसळतो. इथे रेषा शांत, रेखाटन काटेकोर, सारे काही वास्तववादाच्या शिस्तीत. पण या मुलीच्या गालांवर जी काजळी फासली आहे, ती पाहताना आपल्याला क्षणभर वाटते की त्या आवेगाचे बीज इथेच पडले असावे. काजळीने तिच्या चेहऱ्यातली कोवळीक झाकली आहे आणि डोळे तेवढे उघडे ठेवले आहेत. अंतरंग बाहेर आणण्यासाठी रूप मोडावे लागते, हे शहाणपण चित्रकाराने इथे धुराकडून घेतले आहे.

निघण्यापूर्वी पुन्हा एकदा तिच्या हातांकडे पाहू. चेहरा आपल्याकडे वळला आहे, डोळे आपल्यावर आहेत, पण दांडका तिने खाली ठेवलेला नाही. मागे पुरुष वाकलेलेच आहेत, धूर वाहतोच आहे, आणि तिच्या वाट्याचा ओंडका अजून उलटायचा आहे.