चित्रकथी आणि कामिशिबाई : वारसा कसा टिकतो?

‘मांगा’ या जपानी चित्रमालिकांची वंशावळ सांगताना दोन आधार हमखास पुढे केले जातात. पहिला, क्योटोच्या कोझान-जी मठाच्या नावाशी जोडलेली, बाराव्या-तेराव्या शतकांतील गुंडाळ्यांवरची प्राण्यांची चित्रे. दुसरा, होकुसाईचा १८१४ पासून प्रसिद्ध होत गेलेला ‘मांगा’ हाच चित्रसंग्रह. रेषेतील साम्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु साम्य म्हणजे वारसा नव्हे. जुने रूप नव्या माध्यमात कोणाच्या हातून पोहोचले, हा प्रश्न या उपपत्तीत अनुत्तरितच राहतो.

त्याचे उत्तर कामिशिबाईत सापडते. १९३० च्या सुमारास टोकियोच्या गल्ल्यांतून सायकलवर फिरणारा कथेकरी लाकडी टिपऱ्या वाजवून मुले जमवी, त्यांना मिठाई विकी, आणि लाकडी चौकटीतील चित्रे एकेक करून ओढीत कथा सांगे. चित्रांचे संच त्याला भाड्याने मिळत आणि कथा रोज पुढे सरकत असे. बाळंतपणापूर्वीच मरण पावलेल्या स्त्रीचे भूत थडग्यात जन्मलेल्या बाळासाठी मिठाई विकत घेते, या लोककथेवरून १९३३ साली ‘हाकाबा किटारो’ ही कामिशिबाई रचली गेली. पुढे कामिशिबाईसाठी चित्रे काढणाऱ्या मिझुकी शिगेरूने हाच नायक मांगात नेला आणि १९६८ मध्ये तो दूरचित्रवाणीवर आला. १९५३ मध्ये सुरू झालेल्या दूरचित्रवाणीने कामिशिबाईचा धंदा बसवला, हे खरे. पण त्या नवलालाच लोक प्रारंभी ‘विजेची कामिशिबाई’ म्हणत. धंदा बुडाला, तरी कारागीर आणि कथा नव्या माध्यमात तरून गेल्या.

महाराष्ट्रात याच जातीची कला अधिक प्राचीन आहे. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त चित्रकथकाचा उल्लेख येतो. सिंधुदुर्गातील पिंगुळी येथील ठाकर कलावंत रामायण-महाभारतातील आख्याने चित्रांच्या पोथीतून वाद्यांच्या साथीने सांगत आले. सावंतवाडी संस्थानाचा त्यांना आश्रय होता. एक चित्र, एक वाणी आणि भोवती बसलेले श्रोते, ही रचना दोन्हीकडे एकच. तरीही चित्रकथीतून मराठी चित्रमालिका जन्मली नाही.

याचे कारण प्रतिभेच्या अभावात शोधणे अन्यायाचे होईल. ते व्यवहारात आहे. चित्रकथीची पोथी पूज्य वस्तू होय. जीर्ण झालेल्या पोथीचे जलात विसर्जन करण्याचा प्रघात होता. कामिशिबाईचे चित्र विक्रेय होते आणि उद्याच्या भागासाठी नवे काढावे लागे. पहिली कला आख्यान जपत होती, दुसरी ते रोज वाढवीत होती. छापखान्याला अशा रोज नवे देणाऱ्या कारागिराची गरज असते. पोथी सांभाळणाऱ्या वारसदाराला तिथे जागा नव्हती.

मराठीत असे संक्रमण मुळीच घडले नाही, असे मात्र नव्हे. १९६५ च्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्यातून नावारूपास आलेले दादा कोंडके १९७१ च्या ‘सोंगाड्या’त तमाशाची हजरजबाबी थट्टा चित्रपटात घेऊन गेले. तिथे तमाशाचे केवळ दृश्य आले नाही. तमाशाच्या मुशीत घडलेला नट आला. म्हणूनच ती थट्टा पडद्यावर उपरी वाटली नाही.

पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, ही अभिमानाची गोष्ट होय. तथापि सन्मान आणि संग्रहालय यांनी पोथी सुरक्षित राहते, कथा पुढे सरकत नाही. हाच निकष काटोल-नागपूरकडील खडी गंमतीलाही लावावा लागेल. शाहिराच्या डफाचा ठेका एखाद्या चित्रपटात ऐकू आला, एवढ्याने परंपरा टिकली असे ठरत नाही. तो ठेका ज्याच्या बोटांत आहे, त्याला नव्या माध्यमात काम आणि दाम मिळाला काय, हा खरा प्रश्न होय. लोकरंजनाची मुळे रूपात शोधणाऱ्या समीक्षेने यापुढे ती माणसांत शोधावीत.