सोय आणि सोयरे

आधुनिक सुखसोयींविषयी ख्रिस्ती व्यासपीठावरून बोलणे निघाले की दोन सूर हमखास ऐकू येतात. एक सूर खंतावलेला असतो: जुने ते सारे पवित्र होते, यंत्राने माणूस बिघडवला. दुसरा सुखावलेला असतो: विज्ञान हे देवाचेच दान आहे, मग चिंता कशाची? या दोन्ही सुरांपासून दूर राहून ज्याने या प्रश्नाचा मुळातून विचार केला, असा एक कॅथलिक तत्त्वचिंतक म्हणजे अल्बर्ट बोर्गमान. 1937 साली जर्मनीत जन्मलेल्या आणि अमेरिकेतील मोंटाना विद्यापीठात अनेक दशके अध्यापन केलेल्या या विचारवंताचे 2023 साली निधन झाले. 1984 च्या 'टेक्नॉलॉजी अँड द कॅरेक्टर ऑफ कंटेम्पररी लाइफ' या ग्रंथात त्यांनी तंत्रयुगाची चिकित्सा केली आणि 2003 च्या 'पॉवर फेल्युअर' या पुस्तकात तिचे ख्रिस्ती श्रद्धेशी असलेले नाते उलगडून दाखविले. हा विचार आपल्या कुटुंबांनी समजून घ्यावा अशा योग्यतेचा आहे. मात्र तो जसाच्या तसा स्वीकारता येईल, असे मला वाटत नाही.

बोर्गमान यांचे गाजलेले उदाहरण शेगडीचे आहे. थंड प्रदेशातील जुन्या घरात लाकडाची शेगडी असे. वडील लाकडे फोडीत, मुले ती आणून रचीत आणि आई सकाळी विस्तव पेटवी. शेगडी ऊब देई आणि त्याचबरोबर प्रत्येकाला घरातील त्याचे स्थानही देई. पुढे घर उबदार ठेवणारी मध्यवर्ती यंत्रणा आली. ऊब तीच, किंबहुना अधिक. परंतु आता तिच्यासाठी कोणालाच कोणाची गरज उरली नाही. 'फोकस' या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ चूल असा आहे, हे बोर्गमान आवर्जून सांगतात. घराचे केंद्र जेथे होते तेथे आता भिंतीवर एक बटन आहे. वस्तूपासून तिचे फळ तेवढे वेगळे काढून द्यावे आणि त्याभोवतीचे श्रम, कौशल्य व माणसे नजरेआड करावीत, हीच त्यांच्या मते आधुनिक सोयीची रीत होय.

यावर ते यंत्रे मोडावयास सांगत नाहीत. जीवनाला केंद्र देणाऱ्या काही कृती निश्चयाने जपाव्यात, एवढेच त्यांचे मागणे आहे. त्यांत सर्वांत महत्त्वाची कृती म्हणजे घरच्यांनी एकत्र शिजविलेले आणि एकत्र बसून घेतलेले जेवण. आपल्या वेदीलाही आपण प्रभूचे मेज म्हणतो. त्यामुळे हा विचार आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही.

तरीही या चित्रात मला दोन उणिवा दिसतात.

पहिली उणीव चुलीपाशीच आहे. विस्तव पेटविणाऱ्या आईला त्या शेगडीने काय दिले? आपल्या गावोगावच्या स्त्रिया धुराने डोळे चोळीत रांधत होत्या, भल्या पहाटे विहिरीवरून हंडे वाहत होत्या. घरात गॅस आला, नळ आला, तेव्हा त्यांच्या पाठीवरचे ओझे खरोखरच उतरले. त्या चुलीची गोडी आज जे आठवतात, त्यांतील बरेचसे चुलीसमोर कधी बसलेले नव्हते, ताटावर बसलेले होते. जी सोय थकल्या देहाला विसावा देते, ती शुभवार्तेच्या विरोधात कशी असेल? प्रभूने शब्बाथाच्या दिवशीही पाठीत वाकलेल्या स्त्रीला सरळ उभे केले होते.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. यंत्रणेत श्रम नजरेआड होतात, हे बोर्गमान जाणतात. परंतु नजरेआड झालेले श्रम नाहीसे होत नाहीत, ते दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर पडतात, या गोष्टीवर त्यांचा पुरेसा भर नाही. 2021 पासून मुंबईसारख्या शहरांत दहा मिनिटांत किराणा दारी पोचविण्याची आश्वासने दिली जाऊ लागली. त्या दहा मिनिटांची किंमत भर पावसात दुचाकी दामटणारा एक तरुण मोजत असतो. आपण त्याच्या हातून पिशवी घेतो, पण त्याचा चेहरा आपल्या लक्षात राहत नाही. वसईच्या वाड्यांतील रहाट गेले आणि विजेचे पंप आले, तेव्हा शेतकऱ्याचे कष्ट वाचले. पण बेसुमार उपशाने विहिरी खारावल्या, तेव्हा ते ओझे पुढच्या पिढीकडे गेले.

म्हणून सोयीची ख्रिस्ती कसोटी मला अशी वाटते: या सोयीने कोणाचे ओझे उतरले, आणि ते कोणाच्या खांद्यावर गेले? कुरेनेकर शिमोनाला प्रभूचा क्रूस वाहणे खचितच सोयीचे नव्हते. तो शेतातून घरी निघाला होता. त्याची ती गैरसोय झाली म्हणूनच आज आपल्याला त्याचे नाव ठाऊक आहे. शेवटच्या भोजनाच्या वेळी पाय धुण्याचे सेवकाचे काम प्रभूने स्वतःकडे घेतले. ओझे खाली सरकविण्याची जगाची रीत तेथे उलटी झाली.

ही कसोटी आपल्या धर्मग्रामाला लावून पाहा. लग्नघरी पूर्वी आदल्या रात्री कांदे चिरायला आळी जमत असे. आज केटरर येतो. घरच्या सुनेची दगदग वाचली, हे बरेच झाले. पण त्या निमित्ताने अबोला धरलेले दोन भाऊ एका परातीपाशी बसत, ते आता कोठे बसतात? 2020 च्या टाळेबंदीत चर्चची दारे बंद होती, तेव्हा पडद्यावरील मिस्सा ही कृपाच होती. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ती आजही कृपा आहे. धडधाकट माणसाने मात्र तिला रविवारची सोय करून टाकले, तर त्याला प्रवचन ऐकू येते, शेजारचा खोकला ऐकू येत नाही. शांतीसाठी हात पुढे करावा, तर समोर कोणी नसते. आजाऱ्याकडे ख्रिस्तशरीर घरी नेले जाते, पण ते कोणीतरी चालत घेऊन जाते, खाटेजवळ बसते, विचारपूस करते. ही घरपोच सेवा माणसाला वगळून होत नाही.

बोर्गमान यांच्या पुस्तकाचे मोल येथेच आहे. सोय ही तटस्थ वस्तू नसून ती आपली नाती घडवते किंवा मोडते, हे त्यांनी आपल्याला दाखविले. स्त्रीचा घाम आणि मजुराची धाव यांची भर त्यात आपण घालावयाची आहे. सोयीमुळे वाचलेला वेळ परमेश्वराने आपल्याला हिशेबासाठी दिलेल्या रुपयांसारखाच आहे. गॅसने वाचविलेला तास आजारी शेजारणीपाशी गेला, तर ती सोय पवित्र झाली. तोच तास बंद दाराआड एकट्याने विरून गेला, तर घरात सोयी वाढतील आणि सोयरे तेवढे उरणार नाहीत.