ज्याची जमीन, त्याची हलली

दलित साहित्याची समीक्षा गेली पन्नास वर्षे वेदना, नकार आणि विद्रोह या तीन शब्दांच्या आधाराने उभी आहे. या शब्दांनी आपले काम चोख केले. प्रस्थापित सौंदर्यशास्त्राला जाब विचारायचा होता, तेव्हा हेच शब्द उपयोगी पडले. परंतु एखादे माप फार वर्षे हातात राहिले म्हणजे त्या मापात बसणारे तेवढेच दिसू लागते. गावकुसाबाहेरचा माणूस रडतो, चिडतो, उठून उभा राहतो हे आपण लिहिले. तो हसतो, आणि भलत्या वेळी हसतो, याची नोंद घ्यायला मात्र आपली समीक्षा अजून कचरते. हसणे म्हणजे तमाशा आणि तमाशा म्हणजे गुलामी, असे एक समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. ते तपासण्यासाठी येथे मुद्दाम भूकंपाचा विषय घेतला आहे. माणसे ढिगाऱ्याखाली असताना हसणे याइतके अशोभनीय दुसरे काही नाही. आणि तरीही लोक हसलेले आहेत.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. पहाटे चारला चार मिनिटे कमी असताना लातूर-उस्मानाबादची जमीन हादरली आणि आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. हादरा पुणे जिल्ह्यापर्यंत जाणवला. आमच्या शिरूर-दौंडकडे फळीवरची भांडी वाजली, काही जण उठून बसले, बरेचसे झोपूनच राहिले. पुढे कित्येक दिवस वस्त्यांवर दुसरा विषय नव्हता. त्या दिवसांतले एक बोलणे मी घोडनदीच्या काठावर ऐकले आणि नंतर दौंडकडच्या एका वीटभट्टीवर थोड्या फरकाने पुन्हा ऐकले. कोणीतरी विचारतो, "पहाटं जमीन हालली, कळलं का?" आणि जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबलेला म्हातारा उत्तर देतो, "ज्याची हाय त्याची हालली. आपली कुठं हाय?"

ऐकणारे हसले. मीही हसलो. हा विनोद कशावर उभा आहे ते पाहण्यासारखे आहे. भूगर्भशास्त्रज्ञाची जमीन आणि तलाठ्याची जमीन मराठीत एकाच शब्दात नांदतात. पायाखाली असते तीही जमीन, सातबाऱ्यावर असते तीही जमीन. विचारणारा पहिलीबद्दल विचारतो, उत्तर देणारा दुसरीबद्दल बोलतो. द्व्यर्थ हा तमाशाचा दोष म्हणून आपण शिकलो आहोत. पण येथे द्व्यर्थाने कोणाच्या अंगावर शिंतोडे उडवलेले नाहीत. त्याने गावाची खातेवही उघडी केली. ऐकणारा हसतो त्याच क्षणी वस्तीत जमीन कोणाला आहे याचा हिशेब त्याच्या मनात होऊन जातो. महारकीच्या बदल्यात मिळालेल्या हाडकी-हाडोळ्याच्या जमिनी कशा आल्या आणि कशा गेल्या, 1958 च्या कनिष्ठ गाववतने निर्मूलन कायद्याने हातात काय ठेवले, हा सगळा इतिहास त्या म्हाताऱ्याने दोन वाक्यांत आणून ठेवला. आज रांजणगाव-सणसवाडीच्या कारखान्यांमुळे त्याच भागात गुंठ्याचे भाव ऐकून माणसाला चक्कर येते. आता त्या वाक्याला तिसरा अर्थ फुटला आहे.

मराठी विनोदाची जी परंपरा आपल्याला पाठ्यपुस्तकांतून दिली गेली, तिच्यात असा विनोद बसत नाही. कोल्हटकरांचे 'सुदाम्याचे पोहे', गडकऱ्यांचा 'बाळकराम', चिं. वि. जोशींचा चिमणराव, पु. लं.ची 'बटाट्याची चाळ' ही नावे मोठी आहेत आणि त्यांचे मोठेपण नाकारण्यात काही अर्थ नाही. कोल्हटकरांनी आपल्याच समाजाच्या रूढींवर फटके मारले, हे धाडस होते. परंतु या विनोदाला एक भक्कम घर लागते. माणसे विसराळू असतात, चिक्कू असतात, फजित होतात, आणि संध्याकाळी घरी परततात. चाळसुद्धा पडायला येते तेव्हा विनोद थांबतो आणि चिंतन सुरू होते. घर मोडल्यावर हसायचे कसे, हा प्रश्न त्या लेखकांना पडला नाही, कारण तो त्यांच्या वाचकांनाही पडला नव्हता. ज्याचे घर दरसाल पावसाळ्यात मोडते आणि दिवाळीपर्यंत पुन्हा उभे राहते, त्याला हा प्रश्न सोडवूनच जगावे लागते.

शिरूर-दौंडला हादरा पाहुणा म्हणून येतो. कोयनेला तो घरचाच आहे. 11 डिसेंबर 1967 रोजी पहाटे सव्वाचारच्या सुमारास कोयनानगर उद्ध्वस्त झाले, पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली. 1962 पासून शिवाजीसागरात पाणी साठू लागले होते. जलाशयाच्या पाण्यामुळे भूकंप होतात याचे जगातले ठळक उदाहरण म्हणून शास्त्रज्ञ आजही कोयनेकडेच बोट दाखवतात. त्या दिवसापासून तेथे लहानमोठे धक्के बसतच आहेत, आणि प्रत्येक धक्क्यानंतर वर्तमानपत्रात दोन ओळी येतात. त्यांचे वळण आता ठरून गेले आहे : कोयना परिसराला सौम्य धक्का, धरण सुरक्षित. बातमीची ही रचना वाङ्मयीन दृष्टीने वाचावी अशी आहे. घरात कोणी पडले तर आपण आधी माणसाला विचारतो. येथे आधी धरणाची प्रकृती विचारली जाते. ज्या धरणासाठी माणसे उठवली, त्याच धरणाच्या पोटातले पाणी जमीन हलवते, आणि हलल्यावर खुशाली धरणाची! कोणत्याही विनोदी लेखकाला याहून चांगला प्रसंग रचता आला नसता. आणि त्याच वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर कोणी आमदार या पक्षातून त्या पक्षात गेला की आठ कॉलमी 'राजकीय भूकंप' होतो. एकाच अंकात दोन भूकंप : माणसे मारणारा आतल्या पानावर, कोणालाच न मारणारा पहिल्या पानावर. भाषा कोणाच्या मालकीची आहे हे समजायला आणखी कोणता पुरावा हवा?

किल्लारीकडे परत येऊ, कारण म्हाताऱ्याचे वाक्य तेथे फार क्रूर रीतीने खरे ठरले. त्या भागातली घरे अनघड दगड आणि मातीची. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंती, वर लाकडावर मातीचे माळवद. गळू नये म्हणून त्यावर मातीचा थर वाढवत जायचे. छत वर्षागणिक जड व्हायचे. आमच्याकडचे धाबे हे याच माळवदाचे भावंड. भिंत जितकी जाड तितकी घराची प्रतिष्ठा मोठी, अशी गावाची समजूत. त्या पहाटे हीच प्रतिष्ठा झोपलेल्या माणसांच्या छातीवर कोसळली. कुडाची, गवताची, पत्र्याची हलकी खोपटी त्या मानाने टिकली, किंवा पडूनही त्यांनी माणूस मारला नाही. शासनाच्या नकाशात तर हा परिसर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगवलेला होता. नकाशा बदलला 2002 साली.

यावरून निसर्गाने न्याय केला असा सूर काही वेळा आपल्या व्यासपीठांवरून ऐकू येतो. तो मला मान्य नाही. दगडाच्या घरांत आपलीही माणसे होती. शिवाय हा सूर आपला नव्हेच. 15 जानेवारी 1934 रोजी बिहारमध्ये भूकंप झाला तेव्हा अस्पृश्यतेच्या पापाची ही ईश्वरी शिक्षा आहे असे गांधीजींनी म्हटले, आणि निसर्गाच्या घटनेला नैतिक कारण चिकटवण्यावर रवींद्रनाथ ठाकुरांनी उघड आक्षेप घेतला. या वादाची चर्चा पुष्कळ झाली आहे, पण त्यातला विनोद कोणी पाहिला असे मला आढळले नाही. पाप एकाचे, शिक्षा दोघांना! अस्पृश्यता पाळली सवर्णांनी, आणि ढिगाऱ्याखाली अस्पृश्यही! ज्या देवाला एवढाही फरक करता येत नाही त्याच्या न्यायावर आमच्या कोणत्याही वस्तीतल्या सोंगाड्याने अर्धा तास बतावणी रंगवली असती. रवींद्रनाथांचा आक्षेप विज्ञानाचा होता आणि तो योग्यच होता. सोंगाड्याचा आक्षेप हिशेबाचा असता.

किल्लारीनंतर हिशेब करायला सरकार आले. जागतिक बँकेच्या साह्याने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम झाला; 52 गावे नव्या जागी वसवली गेली. घरे तीन मापांची ठरली : 250, 400 आणि 750 चौरस फूट. कोणाला कोणते माप, हे घरातली माणसे मोजून ठरले नाही; ते ठरले कुटुंबाच्या नावावरच्या जमिनीवरून. भूमिहीनाला सर्वांत लहान, मोठ्या खातेदाराला सर्वांत मोठे. हरवले होते छप्पर, मोजली गेली शेती. त्याच सुमारास भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे 1,200 मुले शिक्षणासाठी पुण्याकडे आणली. वाघोलीमुळे नगर रस्त्यावर लातूरकडची बोली ऐकू येऊ लागली. त्या भागातून आलेला एक तरुण पुढे मला भेटला. गावाची गोष्ट सांगताना तो म्हणाला, "भूकंपानं समद्यांना एका रात्रीत सारखं केलं होतं सर. मग सरकार टेप घेऊन आलं." सांगताना तो हसत होता. त्याच्या घरातली किती माणसे गेली होती ते मी विचारले नाही.

हे वाक्य आणि घोडनदीकाठचे वाक्य एकाच जातकुळीचे आहे. दोन्हींत तक्रार नाही, दया मागितलेली नाही, घोषणा तर नाहीच. मोठ्या शब्दाला लहान, मोजता येण्याजोगा शब्द भिडवणे, ही दोघांची एकच युक्ती आहे. समतेसमोर टेप येते, धरणीकंपासमोर सातबारा. तमाशातला सोंगाड्या पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आला. गौळणीत कृष्ण देव म्हणून येतो आणि मावशी त्याला गल्लीतल्या पोरासारखी झापते. कवलापूरच्या काळू-बाळूंचे हवालदार बोलू लागले की कायद्याचा दरारा फेट्यासकट खाली येई.

येथे अण्णाभाऊ साठे आठवणे अपरिहार्य आहे. 1958 साली मुंबईत झालेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनात त्यांनी पृथ्वी शेषाच्या मस्तकावर आहे ही पुराणकथा उलटी केली आणि तिचा भार दलित-श्रमिकांच्या तळहातावर आहे असे सांगितले. हे विधान आपण भिंतींवर लिहिले, पत्रिकांवर छापले, आणि त्याचे सुभाषित करून टाकले. परंतु ते बोलणारा माणूस लोकनाट्याचा शाहीर होता हे विसरून ते नीट वाचता येत नाही. शेषाने फणा हलवला की धरणीकंप होतो, हे त्या काळच्या कोणत्याही खेडुताला ठाऊक होते. मग पृथ्वी आमच्या तळहातावर असेल तर धरणीकंप केव्हा होईल? हा उघड न विचारलेला प्रश्न त्या विधानाच्या पोटात आहे, आणि सोंगाड्या नेहमी असाच प्रश्न प्रेक्षकांत सोडून पुढे जातो. समीक्षकांनी त्यात बांधिलकी पाहिली, वर्गजाणीव पाहिली. दोन्ही आहेत. पण विधानाची रचना विनोदाची आहे, आणि त्याची धार त्या रचनेतच आहे. दया पवारांच्या 'बलुतं'चेही असेच झाले. 1978 मध्ये पुस्तक आले तेव्हापासून त्यातल्या दुःखावर आणि गौप्यस्फोटांवर भरपूर लिहिले गेले. दगडू मारुती पवार आणि दया पवार एकमेकांसमोर बसतात त्यातली तिरकस गंमत बहुतेकांनी ओलांडून टाकली.

यावर चळवळीतले मित्र विचारतील, आणि त्यांनी विचारलेच पाहिजे, की हसून माणूस थंड होतो त्याचे काय? मालकाची चेष्टा वस्तीवर करायची आणि सकाळी त्याच्याच बांधावर उभे राहायचे. ही शंका पोकळ नाही. बरेचसे हसणे असेच विझते. परंतु उत्तर आपल्याच इतिहासात आहे. 1930 च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसे उभे केले तेव्हा त्यांनी तमाशाच्या गण-गौळणीचा आशय बदलला, वगाची जागा नव्या प्रश्नांना दिली, पण विनोदी संवाद टाकून दिले नाहीत. सावकार, भटजी, अडाणी गावकरी यांचे खटके तसेच ठेवले आणि लोकांना हसवत हसवत सभेपर्यंत आणले. चळवळ भरात होती तेव्हा तिला हसण्याची भीती वाटली नव्हती. ती भीती नंतर आली, आपण विद्यापीठांत शिरलो आणि आपले गांभीर्य इतरांना पटवून द्यायची गरज भासू लागली तेव्हा. याचा दोष एकट्या आपल्याला देता येणार नाही. पण निदान आता तरी ते ओळखावे.

माझी खरी अडचण दुसरीच आहे. वर ज्यांची वाक्ये आली ते सगळे पुरुष आहेत. दौंड तालुक्यात चौफुल्याला कला केंद्रे आहेत. पुणे-सोलापूर रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला ती ठाऊक आहेत. बतावणीतले हसू किती वेळा बाईच्या अंगावरून वसूल झाले आहे हे तेथे बसणाऱ्याला समजते, आणि समजूनही तो हसतो. सोंगाड्याची परंपरा आपली म्हणताना हा हिशेब वगळता येणार नाही. त्या बाया खेळ संपल्यावर, पेट्या बांधताना, पहाटे चहा पिताना आपापसात कशावर हसतात? बैठकीतल्या बागाईतदाराची नक्कल कशी करतात? ढिगाऱ्यातून उरलेली चूल बाहेर काढणारी किल्लारीची बाई पहिल्यांदा कशावर हसली असेल? यातले जवळजवळ काहीच कागदावर आलेले नाही. शिरूर, दौंड, इंदापूरकडच्या महाविद्यालयांतल्या ज्या मुली यंदा प्रबंधिकेसाठी विषय शोधत असतील, त्यांच्या घरात हे ऐकायला मिळेल. तमाशातल्या कलावंतांच्या मुलाखती आपण फार वेळा रंगमंचावर बसून घेतल्या आहेत.